व्याहीबुवा, बागेतले वाटे झाले

व्याहीबुवा, काल बागेतल्या फळांचे वाटे झाले. तुमच्याशिवाय झाले. कुणी भांडलं नाही, कुणाचा फणस चोरीला गेला नाही, कुणी कुणाच्या आजोबांचा उद्धार केला नाही. तुम्हाला जाऊन महिनाच होतोय आणि माणसं इतकी शहाण्यासारखी वागली, की मला तुमच्यासाठी वाईट वाटलं. तुम्ही असतात तर एखादी तरी बाचाबाची घडवून आणली असतीत.

एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर तुमचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स अजून लटकतोय. पोलादपूर बाजूच्या गावांनी मिळून लावलाय. फोटोवाल्यानं तुम्हाला इतकं गोरं केलंय, की पहिल्या दिवशी मी दुसरंच कोणी गेलं असं समजून पुढे गेलो. जन्मभर कशेडी घाटात एसटी वरखाली करून कमावलेला रंग, त्या पठ्ठ्यानं एका झटक्यात धुऊन टाकला. सुवर्णा म्हणाली, "बाबांनी बघितला असता तर स्वतःलाच नमस्कार करून पुढे गेले असते." तुमची मुलगी आणि माझी सून, त्यामुळे दोन्ही घरांची जीभ तिला मिळालीय. आम्ही दोघं फ्लेक्सखाली उभे राहून हसलो आणि हसता हसता तिनं माझा हात घट्ट धरला.

दहाव्याला नदीवर मला चार शब्द बोला म्हणाले. मला जमेना. लोकांना हवे होते ते शब्द, म्हणजे मनमिळाऊ, सात्त्विक, मितभाषी, तुमच्यापुढे लावले असते तर कावळासुद्धा पिंडाला शिवला नसता. म्हणून ते चार शब्द आता लिहितोय, आणि लोकांना उद्देशून नाही, तुम्हालाच.

ही बाग मी आखली. तुम्ही होतात तोवर हे वाक्य मला कधी पुरं करू दिलं नाहीत, म्हणून आधी ते करून घेतो. महाडात सावित्रीच्या काठची ती जागा. जुनी माणसं सांगायची, की पूर्वी भरतीबरोबर तिथे होड्या येऊन लागायच्या, मग बैलगाड्यांचा तळ झाला, मग गुरांचा बाजार. मी नोकरीला लागलो तेव्हा तिथे घाणेरीचं रान होतं आणि गावाचा कचरा. मी नगरपालिकेतला साधा ओव्हरसियर, पण डोक्यात बागेचं भूत. मोठी बाग हवी, शहराला शोभेल अशी. गोल फिरायची वाट, मधोमध हिरवळ, कारंजं, नदीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, एका बाजूला कार्यक्रमांसाठी उघडा मंच, दुसऱ्या बाजूला झोपाळे. वाटेच्या कडेनं गुलमोहर, बहावा, नीलमोहर. महाडच्या माणसानं वर्षातून एकदा तरी कामाशिवाय मान वर करावी आणि फुलं बघावीत, एवढीच माझी मागणी होती.

रोपांचा ट्रक कशेडीत दरडीमागे अडकून पडला, आणि उद्घाटन तोंडावर आलेलं. तेव्हा कुणीतरी मला तुमचं नाव सांगितलं. वरच्या वाड्यांकडे जाणारी गाडी तुम्ही चालवायचात आणि त्या रस्त्यावरची कुत्रीसुद्धा तुमच्या हॉर्नला ओळखायची. मी तुम्हाला म्हणालो, "ड्रायव्हरसाहेब, तुमच्या बाजूच्या गावांना निरोप द्या. प्रत्येक गावानं बागेला एकेक झाड द्यावं. शोभेचं." दुसऱ्या दिवसापासून एसटीच्या टपावरून रोपं उतरायला लागली. फणस, रायवळ आंबा, रातांबा, जांभूळ, पुन्हा फणस, आणि पुन्हा फणस. मी कपाळाला हात लावला. तुम्ही म्हणालात, "सायेब, फळलेल्या फणसापरीस शोभा कशाला हाय?"

बरं, निदान झाडं तरी दिली, म्हणून मी गप्प बसलो. पण ती कुठे दिली होती? आपल्या कोकणात जमीन एकाची आणि तिच्यातलं झाड दुसऱ्याचं, हे काय नवीन आहे? एका फणसावर सहा भाऊबंदांचे हक्क असतात. मी मूळचा देशावरचा, मला हे ठाऊक नव्हतं. मी समजलो दान. वाड्यांनी समजलं की नगरपालिकेच्या जमिनीत आपण आपलं झाड लावलंय. झाडं लहान होती तोवर दोन्ही समजुती गुण्यागोविंदानं नांदल्या.

मग एका मे महिन्यात सकाळी वॉचमन धापा टाकत माझ्या घरी. बागेत पोती, दोर आणि कोयते घेऊन माणसं उतरलीत, झाडांवर चढलीत! मी चपला न घालता धावलो. वर फांदीवर एक जण, खाली त्याची आई पदर पसरून. मी ओरडलो, "ही चोरी आहे!" ती माउली इतक्या आश्चर्यानं माझ्याकडे बघायला लागली, की मलाच चोरासारखं झालं. "चोरी कसली, दादा? झाड आमच्याच गावचा हाय." तेवढ्यात तुम्ही गाडी रस्त्यात उभी करून आलात, उतारू तसेच बसवून ठेवून, आणि आपलं भांडण सुरू झालं. ते तुम्ही जाईपर्यंत चाललं.

माझं म्हणणं, बाग सार्वजनिक आहे, म्हणजे सर्वांची. एका गावाच्या मालकीचं झाड तिथे असूच शकत नाही. तुमचं म्हणणं, "सगळ्यांचं म्हंजे कुणाचंच नाय. तुमच्या कारंज्याचा मालक कोण हाय, दाखवा. हाय का कोण त्याला पुसणारा? आमच्या झाडांना बघा, दर बाजाराला कोणतरी येऊन हात लावून जातो." आणि ते खरंही होतं. बाजाराला आलेल्या बायका गाडी यायला वेळ असला की आपापल्या गावच्या झाडाखाली बसायच्या. पाण्याच्या बाटलीतलं उरलेलं पाणी बुंध्यात ओतायच्या. पण बारक्या पोरांनी एखादी कैरी पाडली तर त्यांच्या अंगावर धावायच्याही, हे तुम्ही सांगायचं टाळायचात. "अमक्या गावच्या झाडाला दगड मारायचा नाय!" सार्वजनिक बागेत!

आपण दोघं असे फणसावरून तावातावानं भांडत होतो आणि आपल्या पाठीमागे, जांभळाखालच्या बाकावर, माझा मुलगा आणि तुमची सुवर्णा गेली दोन वर्षं बसत होती, हे गावात फक्त आपल्या दोघांना माहीत नव्हतं. कळलं तेव्हा तुम्ही पहिलं काय विचारलंत? "झाड कुठल्या गावचं?" आणि ते तुमच्याच गावचं निघालं म्हणून खूश झालात! लग्नानंतर तर मला सुटकाच उरली नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. दर मे महिन्यात दाराशी फणस. मला घट्ट गराचा कापा आवडतो हे ठाऊक असून मुद्दाम बरका. तो बिळबिळीत गर खाताना माझं तोंड बघायला तुम्ही पायरीवर बसून राहायचात, आणि आठळ्या उकडून होईपर्यंत उठायचा नाहीत.

वाटे घालायची पद्धत मात्र तुमची, त्याचं श्रेय देऊन टाकतो. आधी ज्याचं झाड त्याचं फळ असा कारभार होता. एका वर्षी एक झाड लगडायचं, दुसरं वांझ राहायचं, मग रुसवेफुगवे. तुम्ही शिकारीच्या वाट्यांची जुनी रीत बागेत आणलीत. सगळ्या झाडांची फळं हिरवळीवर एकत्र ओतायची. माझ्या हिरवळीवर! मग सारखे ढीग करायचे. एकानं काठी एका ढिगावर टेकवून विचारायचं, "हा कुणाचा?" आणि पाठ फिरवून उभ्या असलेल्यानं न बघता गावाचं नाव घ्यायचं. न बघता नाव घेतल्यावर तक्रार करणार कुणाकडे? काठी सुवर्णाच्या हातात, पाठ तुमची. त्या दिवशी बाग जत्रेसारखी व्हायची. मी दरवर्षी निषेध म्हणून लांबच्या बाकावर बसायचो आणि कुठल्या ढिगात कापा आहे ते बघून ठेवायचो.

पूर आला त्या वर्षीचं आठवतं? बाग झोपाळ्यांच्या दांड्यांपर्यंत पाण्यात. पाणी उतरलं तेव्हा माझी हिरवळ गाळाखाली, आणि नदीकडची तुमची पाच-सहा झाडं मुळासकट गेलेली. वर डोंगरात तर माणसंच दरडीखाली गेली होती. पुढच्या मे महिन्यात वाट्याच्या दिवशी अशाच एका वाडीची म्हातारी आली आणि फाटकाजवळच थांबली. घर गेलं, बागेतलं गावचं झाडही गेलं, मग कुठल्या तोंडानं पुढे यायचं, असं तिला वाटलं असावं. तुमची पाठ होती, तुम्हाला ती दिसली नव्हती. पण सुवर्णानं पहिली काठी टेकवली आणि तुम्ही पहिलं नाव त्या वाडीचं घेतलंत. कुणीतरी कुजबुजलं, त्यांचं झाड ऱ्हायलं कुठं? तुम्ही मागे न वळता म्हणालात, "झाड गेलं म्हणून वाटा जात नाय." त्या दिवशी मी माझ्या बाकावरून उठून तिचा फणस रिक्षापर्यंत नेऊन दिला. घरी आल्यावर मला रडू आलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही बाजारभर केलं असतंत.

पण तुमच्या त्याच वाक्यात मी तुम्हाला पकडलं. उशीर लागला मला, पण पकडलं. आपण संध्याकाळचे पायऱ्यांवर बसलो होतो. रविवार होता. हिरवळीवर बिरवाडीच्या भाड्याच्या खोल्यांतली माणसं पसरलेली, कारखान्यांत कामाला आलेली, कुणी ओडिशाचं, कुणी बिहारचं. त्यांची पोरं तुमच्या फणसांभोवती पळत होती. मी म्हटलं, "व्याहीबुवा, ज्याचं झाड वाहून गेलं त्याला वाटा. मग ज्याला झाड लावायला इथं गावच नाही, त्याला का नाही? दर रविवारी बागेत असतात ही माणसं. तुमच्या वाडीवाल्यांपेक्षा जास्त."

तुम्ही म्हणालात, "विचार करून सांगतो." इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं मी. रोज सकाळी मी विचारायचो, "काय झालं उत्तराचं?" सकाळी फिरायला येणारी सगळी बाग एका दिशेनं फिरते आणि तुम्ही उलटे फिरायचात, समोरून येणारं माणूस दिसलं पाहिजे म्हणून. त्यामुळे एका फेरीत दोनदा गाठ पडायची आणि मी दोनदा विचारायचो. तुम्ही लांबूनच हात हलवायचात. "अजून सांगितलं नाय, म्हंजे अजून हरलो नाय!"

आणि एका पहाटे चहा मागितलात आणि चहा येईपर्यंत निघून गेलात. उत्तर न देता. याला पळपुटेपणा म्हणतात, व्याहीबुवा.

तुम्ही गेल्यावर कचेरीतल्या नव्या साहेबांनी मला बोलावलं. ते म्हणाले, आता ते गृहस्थ नाहीत, तर वाट्यांची ती प्रथा बंद करू. गर्दीत उगाच काही झालं तर जबाबदारी कुणाची? फळांचा ठेका देऊन टाकू. मग जरा हसून म्हणाले, "तुम्हीच नोकरीत असताना ठेका द्या म्हणत होतात ना?" म्हणत होतो की. अर्धं आयुष्य तेच म्हणत होतो. पण समोर तुम्ही असताना म्हणायची मजा होती. मी म्हणालो, "साहेब, वाटे होतील. जबाबदारी माझी." तोंडातून निघून गेलं, मग मी खुर्चीचा हात धरला. साहेबांना वाटलं मला चक्कर आली. पाणी मागवलं त्यांनी.

तर काल पाठ माझी होती. वाड्यांची माणसं पहिल्या गाडीनं आली. मुंबईची सुट्टीवर आलेली पोरंही होती, मोबाइल उंच धरून. हिरवळीवर ढीग लागले. त्यातला एक ढीग मी सकाळीच सुवर्णाला जास्तीचा घालायला सांगितला होता. तिनं का म्हणून विचारलं नाही, नुसतं बघितलं माझ्याकडे, अगदी तुमच्यासारखं, एक भुवई वर करून. मी नदीकडे तोंड करून उभा राहिलो. पाठ फिरवल्यावर माणूस किती एकटा पडतो हो! इतकी वर्षं तुम्ही हे कसं केलंत? मागे सगळं जग आणि पुढे फक्त पाणी.

"हा कुणाचा?" सुवर्णाचा आवाज आला. मी एकेक गाव घेत गेलो. हशा, टाळ्या, "मोठा आला रे आमचा!" सगळं पाठीमागे. मग पुन्हा काठी टेकली. मी म्हणालो, "बिरवाडीच्या भाड्याच्या खोल्यांतल्या माणसांचा."

मग एक बाप्या म्हणाला, "त्येंचं गाव कुठं हाय? झाड कुठं हाय?" दुसरा म्हणाला, "डायवरमामांनी कवा असं केलं नवतं." हे सगळं मोडलं तर माझ्या हातून मोडेल, ठेका होईल, तुमच्या मागे महिन्याभरात मी तुमची रीत बुडवली असं होईल. मी वळलो नाही. वळायचं नाही एवढाच नियम मला आठवत होता. तसाच नदीला ऐकवत म्हणालो, "झाड गेलेल्याला वाटा मिळतो, तर ज्याचं झाड लांब राहिलंय त्याला का मिळू नये? मी हे त्यांना विचारलं होतं. उत्तर द्यायच्या आधी ते गेले. आता तुम्ही द्या."

मग एक म्हातारा आवाज आला, कापरा पण खणखणीत. दरडीखाली घर गेलेली तीच म्हातारी. "द्या गो त्येंना. माझा पोरगा बी विरारला भाड्याच्या खोलीतच ऱ्हातो. त्याला तकडं कोन फणस देतो काय, मना म्हाईत नाय. पन कोनी दिला तं मना बरा वाटंल." मागे कुणीतरी नाक ओढलं. मग तो पहिला बाप्या म्हणाला, "बरं, घाला. पण बरका घाला!" आणि जो हशा उठला तो तुम्हाला नक्की ऐकू आला असणार.

मी जिंकलो होतो, व्याहीबुवा. भर बागेत, तुमच्या सगळ्या गावांसमोर, तुमच्याच जागेवर उभा राहून जिंकलो होतो. वळलो आणि पहिलं तुम्हाला शोधलं. सवय. तुमचं तोंड बघायला मिळालं नाही, तेवढंच एक कमी पडलं, आणि ते फार कमी पडलं.

संध्याकाळी बाग रिकामी झाली तशी मी हिरवळीवरचा पाचोळा गोळा करत होतो. ओडिशाकडचा एक जण आणि त्याची बायको आली. सकाळी ढीग त्यांनीच उचलून नेला होता, खोल्याखोल्यांत वाटला होता. तिनं माझ्यापुढे मूठ उघडली. धुऊन पुसलेल्या, लखलखीत फणसाच्या आठळ्या. तो म्हणाला, "बाबूजी, फल तो सबने खा लिया। अब हमारा पेड़ कहाँ लगेगा?"

मी म्हणालो, पेड़ नको, वाटा असाच मिळेल दरवर्षी, बाग सबका है। तो ओशाळून हसला. बायकोनं त्याला आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि त्यानं ते मला हिंदीत करून सांगितलं. "ये बोलती है, सबका है, मालूम है। पर एक हमारा भी चाहिए। पानी डालने के लिए।"

मी पाचोळा खाली ठेवला. वाटेच्या कडेला जागा उरलेली नाही, नदीकाठ पुरात टिकत नाही. बागेत मोकळी राहिलेली जागा आता एकच, माझी हिरवळ. मी बरोबर मधोमध गेलो, टाचेनं गवत उकरलं आणि त्यांना म्हणालो, "यहाँ." तिनं आठळ्या लावल्या आणि त्यानं ओंजळीनं पाणी घातलं.

तुमचं उत्तर त्या बाईकडून मिळालं, व्याहीबुवा. तुम्ही दिलं असतंत तर मी मानलं नसतं.